तळ्यावरची खोटी जमीन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हिंमतराव आप्पा, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि आज सेवानिवृत्त होणारे आपले माळी, सत्कारमूर्ती इंद्रसिंगभाऊ, सर्वांना नमस्कार.

मी कहकशाँ, वनस्पतिशास्त्र शिकवते. भाऊंबद्दल बोलायचं तर आधी माझी एक चूक सांगावी लागेल. प्राचार्यांनी तेवढा वेळ कान बंद करावेत!

सहा वर्षांपूर्वी आपल्या या शहाद्याच्या महाविद्यालयाच्या तळ्यात मी पपायरस लावलं. मूळ आफ्रिकेचं, पाणथळीत वाढणारं, लव्हाळ्याच्या कुळातलं उंच गवत. प्राचीन इजिप्तमध्ये त्याचा कागद करत. लावले होते चार कोंब. दोन वर्षांत दोन पुरुष उंचीचं रान झालं. भाऊ म्हणायचे, "मॅडम, हाई गवत पानीवर चाली ऱ्हायनं. आत जाऊ नका." मी हसले. पुस्तकं कुणी वाचली होती, मी की त्यांनी?

एका दुपारी नमुने घ्यायला मी एकटीच आत शिरले. पायाखाली घट्ट लागत होतं. दहा पावलांवर जमीन हलली. ती जमीन नव्हतीच हो! एकमेकांत गुंतलेल्या मुळांची, पाण्यावर तरंगणारी चटई. ती फाटली आणि मी छातीपर्यंत खाली गेले. पाय तळाला लागेनात. धडपडले की मुळं घोट्यांना आणखी आवळत. वर नुसते हिरवे झुबके. काठ कुठे, तेही कळेना. ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच नाही. अशी भीती तुमच्यापैकी कुणी अनुभवली आहे?

शेवटी किंकाळी फुटली. पलीकडून भाऊ ओरडले, "हालू नका! गवत धरी ठेवा, मी शे ना!" 'मी आहे ना' एवढ्या शब्दांनीच मला धीर आला.

छाटणीची बांबूची शिडी त्यांनी गवतावर आडवी टाकली आणि तिच्यावर पालथे सरपटत आले. शिडी करकरत होती, पाणी वर येत होतं. पाण्यात हात घालून त्यांनी विळ्यानं मुळं कापली, मला ओढून घेतलं.

काठावर मी विचारलं, "भाऊ, शिडी बुडाली असती तर?"

ते विळा पुसत म्हणाले, "माले पव्हता येत नही, मॅडम. मी भी तुमनाइतलाच घाबरेल व्हतू."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघांनी निम्मं रान काढलं. तेव्हापासून वर्गात पपायरस मी भाऊंना विचारून शिकवते. तळ्याजवळ गेले की आजही पाय टाकण्याआधी जमीन काठीनं चाचपून बघते.

भाऊ, त्या दिवशी रडण्याच्या भरात आभार मानायचे राहून गेले. ते आज सगळ्यांसमोर मानते.

बोलताना माझा आवाज कापला, काही उणंअधिक बोललं गेलं, तर आपण सर्वांनी सांभाळून घ्यावं. धन्यवाद.