टिचबटणाच्या मशीनची जाळी

“हॅलो? …कोण, पूर्वी? …हो, हो, घरीच आहे. बोल.”

द्वारकाने बिरड्याचं ताट बाजूला सरकवलं आणि ओला हात पदराला पुसला. पूर्वी तिच्या भावाची, तुळशीदासची मुलगी. दोघी एकाच कारखान्यात होत्या, लहान मुलांचे कपडे शिवण्याच्या, वसई पूर्वेला. आत्या बावीस वर्षांपूर्वी तिथे धागे कापायला लागली. मग हेल्पर झाली, मग ओव्हरलॉकच्या मशीनवर बसली, आणि आता लाइन सुपरवायझर होती. भाची डिप्लोमा करून थेट वरच्या मजल्यावर, प्लॅनिंगच्या टेबलावर. तिला तिथे लावून दिलं होतं आत्यानेच.

“संजना ना? …सकाळीच जाऊन आले दवाखान्यात. …नाही गं, नाही जोडता आली. दोन बोटं. अंगठ्याजवळचं अख्खं गेलं, मधलं अर्धं. …उजवा. उजवाच हात, पूर्वी. …आहे, शुद्धीवर आहे. ‘ताई, पानी द्या’ म्हणाली. प्याली, आणि मग विचारते, सॅम्पलच्या टेबलावर आता कोनाला बसवनार? …मी काय सांगणार तिला?”

संजनाच्या हाताची सफाई अशी, की पुढच्या महिन्यात तिला सॅम्पल शिवायला घेणार होते. कारागिराला त्याच्यावरची पायरी नाही. परवा दुपारी टिचबटण ठोकायचं मशीन तिच्या बोटांवर आलं. बोटं आत जाऊ नयेत म्हणून त्या मशीनला पुढून लोखंडी जाळी असते. परवा ती नव्हती.

“कसला कागद? …वाच. …‘ऑपरेटरने स्वतःहून जाळी काढली’… थांब. थांब जरा. हे कोणी लिहिलं? …साहेबांनी सांगितलं ते कळलं गं, लिहिलं कोणी? …तू? …नाही, सही नाही करणार. …अगं ऐक ना… ऐक ना माझं! जाळी संजनाने नाही काढली, मी काढली. माझ्या हातांनी स्क्रू फिरवले. ती म्हणत होती, ताई, राहू द्या ना. मीच ओरडले तिच्यावर, वेळ जातोय, संध्याकाळी गाडी भरायचीय.”

दोन दिवस हे तिने कुणापाशी काढलं नव्हतं. शेजारच्या बाया विचारायला आल्या तेव्हा ती नुसती मान हलवत राहिली होती. आज चार वाजता पोलीस चौकीत जबाब द्यायचा होता, आणि काय सांगायचं ते तिचं ठरत नव्हतं. आता तोंडातून निघून गेलं.

“मग माझं नाव घाल. …हो, खरंच सांगते. …घालतेस? …बरं.”

पोर निदान एकदा तरी ‘नको आत्या’ म्हणेल असं तिला वाटलं होतं.

“काय लिहिलंस? …‘सुपरवायझरने स्वतःच्या मनाने’… स्वतःच्या मनाने? पूर्वी, परवा दीड वाजता मला मेसेज कोणाचा आला? ‘आत्या, जाळी काढून चालवा, तासाचे पीस वाढलेच पाहिजेत.’ …आहे ना. इथेच आहे, फोनमध्ये. …पुसून टाकू?”

द्वारकाने फोन कानापासून काढला, मेसेज उघडला आणि त्यावर अंगठा ठेवला. सगळ्या घराण्यात वरच्या मजल्यावर खुर्ची मिळालेली ही पहिली पोर. आत्याच्या मांडीवर बसून चिंध्यांचे फ्रॉक बाहुलीला घालणारी. आपलं काय, आपण पुन्हा धागे कापण्यापासून सुरुवात करू. पुसलाच असता तिने.

पण पूर्वीच्या आवाजामागे काहीतरी वाजत होतं. तिने फोन परत कानाला लावला. ठक. ठक. ठक.

“तू बोलतेस कुठून? …कारखान्यातून? आज सुट्टी ना? …मागे काय वाजतंय? …मला नको सांगूस, बावीस वर्षं हा आवाज ऐकतेय मी. कोण बसलंय त्याच्यावर? …स्वप्नाली? अगं, ती आत्ता महिन्यापूर्वी आली! …जाळी लावलीय? …पूर्वी, जाळी लावलीय का?”

ठकठक तेवढी येत राहिली, परवापेक्षाही भराभर.

“जा. मेन स्विच बंद कर. …असू देत साहेब. …मग मी काय करू, इथून, उमेळ्याच्या घरातून, हात लांब करू? तू तिथे आहेस. …हो, हो, तुझी नोकरी, मला कळतं. रडत जा, पण जा. …फोन चालू ठेव. मी ऐकतेय.”

चपला जिन्यावर वाजल्या. ठकठक जवळ आली, मोठी झाली, आणि एकदम थांबली. कोणीतरी पुरुष ओरडला. शब्द कळले नाहीत. द्वारका तशीच उभी होती, भिंतीला हात लावून.

“केलंस? …बोल ना. …केलंस गं बाई. …काय म्हणतात? …टेबल रिकामं कर? आजच? …हं. …ऐक. मगाशी मी म्हटलं ना, एकटीचं नाव घाल? ते नाही आता. एकटीचं घातलं तर दुसरी सुपरवायझर आणतील आणि हेच चालवतील, आत्ता कानाने ऐकलं मी. चारला चौकीत जाऊन जाळी माझ्या हातांनी काढली ते सांगणार, तुझा मेसेज दाखवणार. तुला साहेब काय बोलले ते तू सांगायचं. येशील? …नाही? …बरं. …ठाऊक आहे मला, तुला कुठल्याही कारखान्यात घेणार नाहीत. मलाही नाही. संजनालाही नाही, पूर्वी.”

पूर्वी आता मोठ्याने बोलत होती. द्वारकाने तिला अडवलं नाही.

“…हो. मीच लावलं तुला तिथे. …हो, मीच बुडवते आहे. …दादाला तूच सांग. …विरारला तुमच्या घरी येऊ नको? …गणपतीलाही? …बरं. नाही येत.”

पूर्वीने फोन मात्र ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता.

“आधी त्या स्वप्नालीला घरी पाठव,” द्वारका म्हणाली, आणि तिनेच फोन बंद केला.