शिंप्याचा घोळ

नाही, नाही, कपड्यांची अदलाबदल मी केली नव्हती. हे एकदा नीट ऐकून घ्या आणि मग खुशाल हसा. परवा पेपरात काय आलं? पहिल्याच पानावर, पुलाच्या फोटोखाली, एवढ्या मोठ्या अक्षरांत... 'शिंप्याचा घोळ'. अहो, तीस वर्षं कात्री धरतोय मी. घोळ झग्याला ठेवायचा असतो, एवढं कळतं मला. निळ्यांच्या ताईला पिवळा झगा आणि पिवळ्यांच्या कप्तानाला निळं जाकीट मी कशाला देईन? ताई एका हाताने बस उचलते, तिच्या एका बाहीत कप्तानाचे दोन्ही पाय मावतील. कप्तान काय, उडतो म्हणून हलका, कमरेला माझी टेप दोनदा फिरते.

मग झालं कसं? तेच सांगतोय, पण मधे बोलू नका, माझा धागा तुटतो.

तर निळे आणि पिवळे. दोघंही अचाट शक्तीवाले, दोघंही या एकाच शहराचे रक्षणकर्ते, आणि चार वर्षं झाली, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. का? तर पाण्याची टाकी. ती कोसळत होती, दोघांनी मिळून धरली होती, कुणीतरी हात आधी सोडला आणि एका पिवळ्याचा पाय मोडला. निळे म्हणतात हात पिवळ्यांनी सोडला, पिवळे म्हणतात निळ्यांनी. तेव्हापासून दोन्हीकडच्या मंडळींनी आपापल्या म्होरक्याला बजावून ठेवलंय, 'त्यांच्यासोबत पुन्हा काम केलंत तर आम्ही चाललो.' आणि कपडे शिवायला? शिवायला मात्र दोघंही माझ्याकडेच. आकाशात गिरकी घेतली तरी उसवणार नाही अशी शिवण दुसरं कोण घालतंय?

एका मंगळवारी दुपारी ताई ट्रायलला आली आणि पाठोपाठ मागच्या दाराने कप्तान. मी म्हटलं, संपलं, आज दुकान जातंय. मशीनला मिठीच मारली मी. तर कप्तान म्हणतो कसा, अगदी खालच्या आवाजात, 'मास्तर, ट्रायल रूम जरा दोघांना मिळेल का?'

तुम्हाला सांगतो, मला आधी भलतंच वाटलं. पण नाही हो. मोठ्या पुलाचा मधला खांब खचत होता. एकट्या निळ्यांना पेलणार नाही, एकट्या पिवळ्यांना पेलणार नाही, मग कुणी कुठे उभं राहायचं, कुणी काय धरायचं, ते आधीच ठरवून ठेवायला हवं, आणि आपल्या माणसांना कळता कामा नये, नाहीतर दोन्ही टोळ्या फुटल्याच. ताई म्हणाली, 'मास्तर, शपथ घ्या. बायकोलाही सांगायचं नाही.' घेतली. तिने माझा हात हातात घेऊन घेतली, दोन दिवस सुई धरता आली नाही मला.

आणि एवढ्यावर भागतंय होय? निळ्यांत एक आहे, तिखटकान म्हणतात त्याला. तीन गल्ल्यांपलीकडे कुणी उसासा टाकला तरी त्याला ऐकू जातं. म्हणून दर मंगळवारी ही दोघं आत कुजबुजणार आणि मी बाहेर मशीन चालवणार. कापड कुठलं? रिकामं. दीड दीड तास! गिऱ्हाईक दारात येऊन बघायचं... मास्तर घामाघूम होऊन पायडल मारतोय आणि सुईखाली काहीच नाही. 'मास्तर, बरं आहे ना?' मी म्हणायचो, 'व्यायाम.' वरून बायको विचारायची, 'अहो, एवढं काय शिवताय?' मी म्हणायचो, 'पडदे.' आठ महिने मी पडदे शिवले तुम्हाला सांगतो, आणि आमच्या घराला खिडक्या तीन.

मग तो मंगळवार. दोघांचे नवे कपडे खुंटीला, अजून कच्च्या टाक्यांवर. दोघं आत बोलतायत, मी पायडल मारतोय, आणि जमीन हादरली. पूल. दोघांनी हाताला येईल ते अंगात घातलं आणि ती पळाली, तो उडाला. मी मागून धावतोय, हातात सुई-दोरा, 'अहो, कच्चे टाके आहेत, हात वर करू नका!' पुलाखाली जाऊन हात वर करू नका म्हणे. मीही काय सांगत होतो बघा.

पोचलो तेव्हा ताई खांबाच्या जागी उभी, पूल खांद्यावर, अंगावर कसाबसा पांघरलेला पिवळा झगा. पुलावर दोन बसगाड्या कलंडलेल्या. आणि वर कप्तान, निळ्या जाकिटाच्या बाह्या वीतभर लोंबतायत, खिडक्यांतून माणसं काढतोय. एवढ्यात दोन्ही टोळ्या आल्या. पिवळ्यांनी खाली पिवळा झगा बघितला, आपलंच माणूस म्हणून धावत जाऊन खांदे लावले. निळ्यांनी वर निळं जाकीट बघितलं, ते तिकडे चढले. माणसं वरून निळे देतायत, खालून पिवळे घेतायत, अर्धा तास, खांद्याला खांदा लावून, आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही हो. शेवटचं माणूस उतरलं. सगळे जिवंत. आणि माझा एकही टाका उसवला नव्हता. हे छापलं कुणी? नाही. काय छापलं? शिंप्याचा घोळ.

कारण मग त्यांनी तोंडं बघितली. पाय मोडलेला तो पिवळा लंगडत पुढे आला आणि ताईला म्हणाला, 'तुम्ही आमच्या कपड्यांत कशा?' ताईचा चेहरा पांढरा पडला. पूल उचलताना पडला नव्हता. आता फुटतंय सगळं, आठ महिन्यांचं माझं पायडल पाण्यात... आणि तेवढ्यात तो तिखटकान आणि पिवळ्यांतली वाऱ्यासारखी पळणारी ती भिंगरी, दोघं एकदम, एका सुरात म्हणाले, 'शिंप्याचा घोळ.'

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ताईने बघितलं, कप्तानाने बघितलं. माझी शपथ होती. म्हटलं, 'हो. घोळ झाला खरा.' तो लंगडा म्हणाला, 'मग ठीक आहे.' आणि जाता जाता त्याने एका निळ्याला पाण्याची बाटली दिली. बोलला नाही काही, पण दिली.

मी घरी आलो, डोकं भणभणतंय. त्या दोघांना, जन्माचे वैरी ते, एकच वाक्य सुचलं कसं? शेवटी शपथ गेली खड्ड्यात म्हटलं आणि बायकोला सगळं सांगितलं. ती बटणं लावत होती. मान वर न करता म्हणाली, 'ठाऊक आहे मला. त्या बिचाऱ्या तिखटकानाला पहिल्याच मंगळवारी कळलं होतं, सुईखाली कापड नाही म्हणून. तो आणि भिंगरी दर गुरुवारी तुम्ही अस्तर आणायला गेलात की आपल्या स्वयंपाकघरात बसतात. ताई आणि कप्तान पकडले गेले तर काय सांगायचं, याची चिंता होती त्यांना. मीच म्हटलं, शिंप्याचं नाव घ्या.'

अगं, माझं? नवऱ्याचं?

म्हणाली, 'मग कुणाचं घेणार? तुम्ही चिडाल, गावभर सांगत सुटाल, सुटा की. घोळ घालणाऱ्या शिंप्यावर विश्वास कोण ठेवतंय?'

आणि खरंच आहे तिचं. तुम्हीच बघा ना... इतका वेळ घसा फोडून खरं सांगतोय, तुमच्यापैकी एकाचा तरी विश्वास बसलाय का?