सांबाराच्या गोष्टीवर आलेले अभिप्राय

...अतिरंजित! माह्या गोष्टीले अतिरंजित म्हणते थो किसनराव गुरुजी! तुमाले सांगतो, बीएस्सी अर्ध्यात सोडून अमरावतीहून दर्यापूरले वापस आलो, तवापासून हाच माणूस मांगं लागला होता, "अंकुर, आपल्या लोकांचं जगणं लिही!" लिवलं ना मंग! माही माय, जमुनाबाई, स्टँडजवळ भाजीचं दुकान लावते. एक रिटायर मास्तर रोज पावभर वांगे घेते अन् वरून मूठभर सांबार उचलते... सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर हो... फुकट! वीस वर्सं! म्हटलं, गोष्ट आयकून तरी लाज वाटन, हात आखडन. तुमीच सांगा, खोटं काय लिवलं म्या?

वाचनालयात गोष्ट वाचली, मंग सुरू झाले वाचकायचे अभिप्राय. पयले जानराव, बँकेतले रिटायर. "शेवट आशादायी पाहिजे होता. बाईचा मुलगा कलेक्टर होतो, असं काही?" अरे, इथं पोरगं बीएस्सी नाई झालं! मंग दुर्गाबाई मॅडम, डोळे पुसत, "गरिबी किती सुंदर मांडली!" सुंदर? या एखाद दिवशी, बसा पोत्यावर! अन् मंग गुरुजी, शाल सावरत, "लेखकाचा अनुभव तोकडा आहे. कोणता सुशिक्षित माणूस सांबार फुकट नेईल? अतिरंजित!" अन् टाळ्या! ज्याच्यावर लिवलं त्यालेच सोताले वळखू नाई आलं! खोटं काय लिवलं म्या?

म्हटलं, थांबा, साक्षीदारच आणला हाय. माय मांगच्या खुर्चीवर. "माय, ऊठ. सांग, सांबार कोण नेते?" सारं वाचनालय वळून पाहून राह्यलं. माय उठली, पदर नीट केला, अन् म्हणते, "पोराचं मनावर नोका घेऊ गुरुजी. मीच देतो, आपुलकीनं." आपुलकीनं! घरी तुमच्या नावानं बोटं मोडते थे, गुरुजी!

रस्त्यानं इचारलं, "माय, काहून पलटली तू?"

"उद्या दुकान लावा लागते ना बाबू."

"बरं, आता कोणी नाई इथं. खरं सांग, खोटं काय लिवलं म्या?"

माय थांबली. इच्यार केला. म्हणे, "त्या गोष्टीतलं पोरगं पहाटं उठून मायसंगं भाजी आणाले जाते... थे काई मले पटलं नाई बा."

पन्नास लोकायत एकच जण गोष्ट ध्यान देऊन आयकून राह्यली होती, अन् थे नेमकी माह्याच घरची निंगाली!