चार नंबरच्या शटरवरची छत्री

आजचे अध्यक्ष सयाजीअण्णा, स्टेजवर खुर्ची मिळालेले समदे पावणे, आमच्या गोदामाच्या मालकीण सारजाआक्का, आन् बोरी बुद्रुकच्या बाया-माणसांनो, गोरक्ष हमालाचा रामराम घ्या.

राखणदार नवसूतात्यांच्या निरोपाला एवढी गर्दी! दोन वर्षं कुठं व्हती ही, राव?

सुदर्शन मांडववाल्यानं आपली चार नंबरची खोली भाड्यानं घेतली. अवकाळीत भिजलेले गालिचे तसेच गुंडाळून आणले. तात्या मेंढरांमागं वाढलेला माणूस, ओल बघायला गुंडाळीत हात घातल्याबिगर घोंगडंसुदीक घरात घेत न्हाई. पर त्या दिशी तात्या बिरोबाच्या जत्रंला, आन् दार उघडलं मी. हात काय मी घातला न्हाई.

गालिचे कुजले. सुदर्शननं जुन्नरच्या कोर्टात भरपाईचा दावा ठोकला, की पत्रा गळतो आन् राखणदार झोपतो. आक्कांचं गोदाम जायची पाळी आली. गावात चहाच्या टपरीवर तात्यांचं नाव पडलं, झोपाळू. अण्णा, तुमीबी म्हणायचा. खाली काय बघताय?

आन् मी? मला गंमत सुचली. चार नंबरच्या शटरला छत्री अडकवली, फोटो ग्रुपवर टाकला. तुमी समदे हसला. तोच फोटो सुदर्शनच्या वकिलानं कोर्टात लावला, की बघा, ह्यांचा हमालच सांगतोय गळतं म्हणून.

तात्या मला एक शब्द बोलले न्हाईत. त्याचाच लई राग यायचा. शिवी तरी द्यायची व्हती.

मग कोर्टाचा कमिशनर पाहणीला आला. तात्यांनी सगळ्यात वरची गुंडाळी खाली घेतली आन् उलगडली. म्हणले, "साहेब, पत्रा गळला असता तर भायेरनं कुजलं असतं. ह्याचं अंग कोरं हाय, पोट कुजलंय. हे भिजूनच आत आलंय."

दावा फेटाळला. मग तुमी हार घेऊन आला.

आक्का तात्यांना थांबा म्हणल्या. तात्या म्हणले, "ज्या दाराशी झोपाळू ठरलो, तिथं आता कुणासाठी जागू?"

शाल अण्णा देतीलच. मी ती छत्री आणलीया. तात्या, आता परत मेंढरांमागं चाललाय, तिथं लागंल, ठेवा.

बोलायला उभं केलं त्याबद्दल आक्कांचे आभार. उणंदुणं बोललो असंन तर शेवटाला माफी मागायची रीत हाय. मागतो, पर तात्यांची. तुमची न्हाई. तुमीबी त्यांचीच मागा, एकेक करून. पंगत त्याच्यानंतर बसंल.