लेकीच्या घरची हरीद

मी इस्माईल, मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीच्या तोंडावरचं गाव आमचं, आमी दालदी, म्हंजे मुसलमानांतले मच्छीमार, आज्जा दर्यावर, अब्बा दर्यावर, मी तेवढा होडीची मशीनं दुरुस्त करायला शिकलो म्हणून घरातला शहाणा, असं अब्बाच म्हणायचे, बाकी कोण म्हणत नव्हतं. तुमी आता विचारता की इतकी वर्षं त्या बेटावर काय केलंस, तर काय सांगू तुमाला, उद्या माझं विमान हाय, खलास, कायमचा चाललो, ही बॅग बघा भरून ठेवलीय, ती मी खाली ठेवत नाय, मांडीवरच घेऊन बसलोय, का ते शेवटी सांगतो.

पहिला मी इथंच आलो, जेद्दात, शराफिया मोहल्ल्याच्या मागं एका वर्कशॉपला, बोटींची मशीनं यायची. तीन वर्षं बरी गेली आणि मालकानं वर्कशॉप बंद केलं, म्हणाला इस्माईल, दुसरा कफील बघ, नाय मिळाला तर घरी जा. आता तुमी इथंच नोकरीला, तुमाला काय सांगायचं, इकामा म्हंजे इथं राहायचा परवाना, तो ज्याच्या नावावर तो कफील, आणि कफील नाय तो माणूस वाऱ्यावर. घरी जायला मला लाज वाटत होती, कारण आमच्या गावात परत आलेल्याला कोण विचारत नाय की का आलास, नुसतं बघतात, ते बघणं वाईट.

त्या आठवड्यात एक म्हातारा मशीन घेऊन आला. सौदी माणूस, पण नेसलेली लुंगी! मला हसूच आलं, म्हटलं हा तर आपल्या जेटीवरचा कुणीतरी चाचा वाटतो. ते अम मूसा. अम म्हंजे काका. मशीन मी दुपारपर्यंत सुरू करून दिलं, ते आवाज ऐकत बसले, मग म्हणाले माझ्या बेटावर चल, पाच होड्या हायत. आधी तुझं काम बघेन, माणूस बघेन, हरीद होऊन जाऊ दे, मग तुझे कागद माझ्या नावावर घेईन. मी म्हटलं हरीद काय? म्हणाले, आल्यावर कळेल.

बेटाचं नाव फरसान. घरी फोन केला तर बायको म्हणते, या वयात फरसाणाच्या दुकानात काय करणार? आजूनपर्यंत चिडवते.

पण भाऊ, जागा बघायला पायजे. जीझान शहर खाली दक्षिणेला, यमनच्या जवळ, तिथून सरकारी बोट सुटते, मोठी, पोटात गाड्या घेते, तिकीट नाय, इकामा दाखवायचा आणि बसायचं. तासाभरात पाणी निळ्याचं हिरवं होतं आणि बेट दिसतं, दिसतं म्हंजे काय, पाण्यावर भाकरी ठेवल्यासारखं सपाट, डोंगर नाय, नदी नाय, सगळा प्रवाळाचा दगड. बेटं किती, तर मोजणारा प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो, वस्ती तेवढी तीनावर. मोठं बेट, पुलावरून शेजारचं दुसरं, आणि तिसरं एक बारकं, तिथं होडीनं जायचं. कडेला आपल्यासारखं कांदळवन, आत खजुरीचं एक जुनं गाव, उन्हाळ्यात खजूर पिकला की सगळं बेट सामान घेऊन तिथं राहायला जायचं, आणि हरणं! रस्त्यात आडवी येतात, त्यांना हात लावायचा नाय, सरकारचा कायदा कडक, आणि लोकांचा त्याहून कडक. घाम मात्र आपल्याच जातीचा, चिकट. तिथल्या शाळेतल्या एका मास्तरानं मला एकदा नकाशावर पट्टी आडवी ठेवून दाखवलं, एक टोक फरसानवर, दुसरं जवळजवळ रत्नागिरीवर. म्हणाला तुझं घर इथून सरळ आहे, नुसता मध्ये यमन आणि दर्या. मी ती पट्टी किती वेळ बघत बसलो.

आणि लोक म्हणाल तर मऊ. मोठ्यानं बोलत नाय कोण. आधी मोत्याचे व्यापारी होते त्यांच्यात, मुंबईला जाऊन मोती विकायचे, त्यांच्या पडक्या घरांवर काय ती नक्षी, अम मूसांनी मला एका दाराच्या लाकडावर हात ठेवायला लावला, म्हणाले हे तुमच्याकडून आलेलं, तू काय पहिला नाहीस. असं म्हटल्यावर परक्या माणसाला किती बरं वाटतं ते परक्यालाच ठाऊक.

सरकार कसं, तर वर जीझानला अमीर, त्यांच्या खाली बेटाचा मुहाफिज, म्हंजे आपला कलेक्टर म्हणा, पण आपल्या कलेक्टरला भेटायला आधी शिपायाला भेटावं लागतं, इथं तसं नाय. ठरल्या वेळी मुहाफिज बैठकीत बसणार, दार उघडं, कोळी येवो की दुकानदार येवो, आधी कॉफी, मग तक्रार. दर्यावर राज्य कोस्टगार्डचं, त्यांच्या चिठ्ठीशिवाय होडी हलत नाय, कोण गेला, कधी गेला, कधी येणार. सुरुवातीला मला कटकट वाटायची. मग एकदा वाऱ्यानं एक होडी अडकली आणि चिठ्ठीवरून माणसं शोधून आणली, तेव्हापासून मी कधी कुरकुर केली नाय.

आता हरीद. हरीद म्हंजे मासा, पोपटाच्या चोचीसारखं तोंड, अंगावर निळा-हिरवा रंग. वर्षातून एकदा, आपल्याकडं आंबा पिकायला लागतो त्या दिवसांत, हजारोंनी एका उथळ खाडीत येतो. यायच्या आधी दर्याला एक वास येतो, जुन्या माणसांना तो कळतो. अम मूसा अस्रच्या, म्हंजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर किनाऱ्यावर उभे राहायचे, नाक वर करून, आणि म्हणायचे उद्या. मग उद्याच. सगळं बेट सकाळी तिथं, म्हातारे, बायका, मुहाफिज स्वतः. कोळी पाण्यात उतरून लांब जाळ्याचा अर्धा वेढा घालतात, एका बाजूला फट ठेवतात, सगळा मेळा आत आला की दोरी ओढून फट बंद, आणि तोवर किनाऱ्यावरचा एक माणूस पाण्याला पाय लावत नाय. मुहाफिज हात वर करतो, आरोळी होते, तेव्हा सगळे धावतात, ज्याच्या हाताला लागेल ती त्याची. आणि रीत अशी की ज्या घरच्या लेकीचं त्या वर्षी लग्न झालं, त्या घरानं तिच्या सासरी हरीद पाठवायची. नाय पाठवली तर लेकीची मान खाली.

त्या वर्षी अम मूसांच्या फातिमाचं लग्न झालं होतं.

मला हे सगळं सांगितलं होतं हो, खोटं कशाला बोलू, दोनदा सांगितलं होतं. पण मी रापणीतला, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांतला माणूस. आमच्याकडं किनाऱ्याला मासा लागला, पाण्याचा रंग बदलला, की ओरडायचं आणि धावायचं, जो धावेल त्याच्या हाताला दोरी, अब्बा म्हणायचे मासा काय तुझा पाव्हणा नाय तुझी वाट बघायला. आणि इथं मी उभा, समोर पाणी काळं-निळं झालेलं, उकळल्यासारखं, इतका मासा मी जन्मात बघितला नव्हता, आणि सगळे गप्प! मला वाटलं यांना दिसत नाय काय! माझ्या पायांनी मला विचारलं नाय भाऊ, मी ओरडलो आणि धावलो, धपाधप कमरेपर्यंत आत. फट उघडीच होती. तो सगळा मेळा एका अंगानं फिरला आणि त्या फटीतून बाहेर, दर्यात. पाणी पुन्हा हिरवं झालं. मी मध्ये उभा, टोपी माझी पाण्यावर तरंगतेय.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन बघतायत, कोळी जाळं धरून बघतायत, आणि माझ्या डोक्यात एकच, गेले कागद, गेला इकामा, उद्याच्या बोटीनं परत.

अम मूसा लुंगी वर धरून पाण्यात आले, टोपी उचलली, पिळली, माझ्या डोक्यावर ठेवली. मग वळून मुहाफिजला म्हणाले, हा माझ्या घरचा आहे, चूक माझ्या घरची. उद्या मासा परत आला तर माझं घर या वर्षी हरीद घेणार नाही. सगळ्यांसमोर, अल्लाला साक्षी ठेवून. मला अरबी तेवढी येत नव्हती, पण फातिमाचं नाव कुणीतरी पुटपुटलं ते मला कळलं. म्हंजे माझ्या दोन पावलांपायी त्या पोरीची सासरी मान खाली जाणार.

घरी जाताना मी म्हटलं मला पाठवून द्या, माझी लायकी नाय. ते म्हणाले पाठवायचं की ठेवायचं ते उद्या बघू. आज नाक लावू. अस्रनंतर उभे राहिले, बराच वेळ, मी त्यांच्या मागं, मनात जेवढ्या दुआ येत होत्या तेवढ्या म्हणतोय. म्हणाले, आहे, वास आहे अजून.

सकाळी त्यांनी काय केलं सांगू? फटीपाशी दोरी धरायला मला उभं केलं. जाणत्या कोळ्याची जागा ती. कोळ्यांनी तोंडं फिरवली, एक जण तर म्हणाला याला? अम मूसा म्हणाले, ज्यानं घालवली त्यानंच राखायची. आणि मला म्हणाले, हात उठेपर्यंत तू माणूस नाहीस, खांब आहेस. मी छातीभर पाण्यात उभा राहिलो. पाय बधिर झाले. मग आली. काय सांगू तुमाला, आधी एक पोटरीला लागली, मग दहा, मग अंगभर, मांड्यांवर, पोटावर धडका, आणि अब्बा माझ्या कानात ओरडतायत धाव, धाव, मी डोळे मिटले. दोरी ओढायची खूण आली, ओढली, फट बंद झाली. तरी हललो नाय. हात उठला, आरोळी झाली, सगळं बेट माझ्या अंगावरून पाण्यात. मी दोरी धरून तसाच. एक मासा घेतला नाय.

मग मुहाफिज स्वतः पाण्यात आले, तो पांढराशुभ्र पायघोळ थोब भिजवत. त्यांच्या हातात दोन हरीद. म्हणाले, मूसाच्या घरानं घेणार नाही म्हटलंय, शब्द मोडायचा नाही. पण हा माझा वाटा, हा मी देतोय, मूसाच्या लेकीला. जा, तू पोचवून ये. तू घालवलीस, तू पोचव.

ते दोन मासे घेऊन मी फातिमाच्या सासरच्या दारात उभा राहिलो तेव्हा मी रडलो, खोटं नाय सांगत, ढसाढसा. त्या घरची म्हातारी हसायला लागली, म्हणाली हा बघा, हिंदुस्थानी माहेरचा माणूस. पुढच्याच आठवड्यात अम मूसांनी माझे कागद त्यांच्या नावावर घेतले. भांडण कसं मिटवावं, माणूस कसा राखावा, हे मी त्या बेटावर बघितलं, दुसरीकडं नाय बघितलं.

तेव्हापासून वीसाच्या वर हरीदी झाल्या. मुहाफिज बदलले, रीत तीच राहिली. फटीची दोरी माझ्याकडं. अम मूसा आता पार थकले, डोळे अंधुक, आणि नाक गेलं. या वर्षी माझा हात धरून किनाऱ्यावर आले, नाक वर केलं, बराच वेळ उभे, मग हळूच मला विचारतात, इस्माईल, आहे काय रे? मला तो वास किती वर्षं कळत होता भाऊ, पण मी कधी बोललो नव्हतो, ती जागा त्यांची. मी म्हटलं, अम, उद्या. त्यांनी तसंच लोकांना सांगितलं, उद्या, इस्माईल म्हणतो. एकानं पण दुसऱ्याला विचारलं नाय. सगळं बेट माझ्या नाकावर आलं, मी दोरी धरून गारठलोय, या अल्ला, नाय आली तर! आली. भरभरून आली.

मला आता साठी झाली, गुडघे पाण्यात उभं राहू देत नाय, बायको म्हणते पुरे, मग मीच कायमचं परत जायचे कागद घातले. निघायच्या दिवशी अम मूसांनी विचारलं, तुझ्या नाझनीनचं लग्न झालं ना या वर्षी? म्हटलं झालं, मला जाता आलं नाय, फोनवर बघितलं. म्हणाले, तिच्या सासरी हरीद कोणी पाठवली? मी हसलो, म्हटलं आमच्याकडं ही रीत नाय. तर चिडले! म्हणाले तू माझ्या घरचा, मग ती माझ्या घरची लेक नाही? फातिमानं मीठ लावून, वाळवून, बांधून दिल्यात, दोन. त्याच या बॅगेत हायत, म्हणून खाली ठेवत नाय.

अल्ला त्या बेटाला असंच ठेवो, त्या म्हाताऱ्याला सुखात ठेवो. माझं काय, माझं झालं. उद्या मुंबईला कस्टमवाला बॅग उघडील, वास येईल, विचारील चाचा हे काय, तर मी सांगणार, हात लावू नको बाबा, लेकीच्या सासरी पोचवायचीय.