सहज आले

आता मला सांगा, सख्ख्या मावशीच्या दारात गळ्यात कार्ड घालून उभं राहायचं, म्हंजे काय ओ हे? जिनं मला न्हाऊमाखू घातलं, तिच्यापुढं हात जोडून म्हणायचं, "नमस्कार, मी पुष्पलता, अमुक कंपनीची विक्रेती, माल विकायला आले हाय." त्याच्या आधी फोन करून परवानगी काढायची, ती वेगळीच. आमच्या चिंचणी गावात कोण फोन करून जातं? आमी मागच्या दारानं सरळ चुलीपाशी जातो, टोपावरचं झाकण उचलून बघतो, अन् म्हणतो, सहज आले.

तुमाला सांगते, त्या 'सहज'वरच माझा सगळा धंदा चालायचा. नवऱ्याची कारखान्यात शिफ्ट, बोईसरला भाड्याची खोली, खाटेखाली साबण, पेस्ट अन् त्या ताकदीच्या पावडरीचे डबे... ज्यांनी मला या साखळीत ओढलं ते कमलेश सर टाय लावून शिकवायचे, "मॅडम, विकायचं नाही. नाती जपायची. सहज जायचं." मग काय, जपली मी नाती. पिशवीत खाली डबे, वर चिकू. बारशाला सहज, साखरपुड्याला सहज, एका दहाव्याला सुद्धा... जाऊ दे, ते नको. नाय, सांगतेच. वहिनी बिचारी रडून रडून बसलेली, अन् मी म्हणते, अशक्तपणा आलाय ओ तुमाला. दिला डबा. आता सांगताना मान वर होत नाय माझी.

अन् मग असल्या घरोघरच्या विक्रीवर सरकारचे नियम आले. तेच कमलेश सर, तोच टाय, म्हणतात, "मॅडम, सहज बंद. आधी वेळ घ्या, कार्ड लावा. तोंड उघडलं की पहिलं नाव, मग कंपनी, मग येण्याचा उद्देश. नवीन माणसाकडून साखळीत जोडून घ्यायचे पैसे मागू नका, आणि कुणी माल परत दिला तर गुपचूप घ्या." मी म्हटलं, सर, अन् नाती? तर म्हणतात, "ती पण असू द्या."

अशी चिडले मी सरकारवर! मासे विकणारी कार्ड लावते का? दारात बसून उद्देश सांगते का? मग भांडी घासता घासता डोक्यात आलं, तिच्या डोक्यावर पाटी असते बाई, सगळ्यांना दिसते. माझी पाटी चिकूंच्या खाली. म्हंजे पुष्पलतेनं मावशीशी खरं बोलावं म्हणून सरकारला कायदा काढायला लागला... लाज वाटली ओ, खरंच लाज वाटली.

त्यात मावशी बोंबील वाळत घालताना पडली, पाय प्लास्टरमध्ये. मी ठरवलं, कार्ड असू दे पर्समध्ये, डबा एक न्यायचा नाय. नुसते चिकू. आयुष्यात एकदा तरी खरंखुरं सहज जायचं.

गेले मागच्या दारानं. मावशीची सून हेमाली चुलीपाशी. मला बघून आत ओरडली, "आई, त्या आल्या." मी तिची पुष्पाताई होते. 'त्या' कधी झाले, कळलंच नाय.

आत मावशी खाटेवर, अन् तिच्या डोक्यावरच्या फळीवर माझे डबे, ओळीनं मांडलेले. एकाचं पण सील तोडलेलं नाय. माझं मन राखायला घेत होती माय, अन् मला वाटायचं, मला विकता येतं.

मी म्हटलं, "मावशी, सहज आले."

मावशी हसली. पिशवी जवळ ओढली, चिकू बाजूला सारले, अन् हात घालून तळ चाचपायला लागली. "डबा कुटं हाय गं?"

"नाय आणला, मावशी."

"इसरलीस? म्हंजे परत येशील."

काय करणार? 'सहज' म्हटलं की कुणाचा विश्वास नाय, अन् तो घालवला कुणी, मीच ना. शेवटी पर्समधलं कार्ड काढलं, गळ्यात घातलं, हात जोडले. म्हटलं, सरकारच्या नियमानं तरी खरं वाटेल. "नमस्कार, मी पुष्पलता. आज कंपनी नाय. येण्याचा उद्देश, मावशीला बघणे."

मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग उशीखालचा बटवा काढला अन् म्हणाली, "बरं बाय, केवड्याला पडंल?"