बसत्या मापाचा खड्डा

कादंबरीकार दिनकरराव सत्कारासाठी राणीसावरगावच्या एसटीत बसले होते. पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

“त्रिवेणी, तुझा भाऊ अजून त्याच खुनाच्या पुस्तकात हाय का गं?”

“चाळीसदा वाचलं, काकू. त्यातला खुनी आपल्यातल्या एका लिंगायत अप्पाचं प्रेत जाळतो. आपल्यात मेलेल्याला बसवून पुरतेत, एवढंबी लेखकाला ठावं न्हाई म्हणून धुसफुसायलाय.”

“पत्र धाडायचं की.”

“बारा धाडली. एकाचंबी उत्तर न्हाई. आता शेतात खड्डा खांदलाय, बसत्या माणसाच्या मापाचा.”

“कशाला?”

“लेखकाला दाखवायचाय म्हणं. आज सत्काराला बोलवलंय त्याला. मला लय घोर लागलाय, म्हणून माहेरी निघाले.”

“अन् माप कुणाचं धरलं?”

“लेखकाचंच. सत्काराचा सदरा शिवायचाय म्हणून फोनवर इचारून घेतलं.”

दिनकरराव उठले.

“कंडक्टर, मधे कुठं उतरता येईल?”

“आता थेट राणीसावरगाव. बसा.”